मॉनिटर आर्म सारखा ढिला पडतोय? पाना हातात घेण्याआधी हे बघा

स्क्रू आवळला की चार दिवस मॉनिटर जागच्या जागी राहतो, मग हळूच मान टाकतो. पुन्हा आवळायचा, पुन्हा तेच. दोन किंवा तीन मॉनिटर टेबलाला अडकवणाऱ्या आर्मबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, आणि तिच्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: अजून घट्ट करा. अडचण अशी की आर्मला पाच-सहा सांधे असतात, प्रत्येकाचं काम वेगळं आणि स्क्रूही वेगळा. कुठला सांधा हार मानतोय हे न बघता हाताला लागेल तो स्क्रू पिळत राहिलं, की एक दिवस आटे जातात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

म्हणून आधी निदान. कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे घ्या आणि प्रत्येक सांध्याच्या दोन्ही भागांवर समोरासमोर लावा: मॉनिटरच्या पाठीवरच्या प्लेटमागचा सांधा, कोपर (आर्मचा मधला सांधा), खांबाची कडी, खांबाचा तळ. मग दोन्ही तुकड्यांवरून पेन्सिलने एक सरळ रेघ ओढा. मॉनिटर हवा तसा लावून दोन दिवस हात लावू नका. जिथली रेघ तुटलेली दिसेल, तो सांधा दोषी. सगळ्या रेघा जुळलेल्या आहेत आणि तरीही मॉनिटर खाली आलाय, तर आर्मचा काही दोष नाही, टेबल दबतंय. एवढ्या एका तपासणीने निम्मी झटापट वाचते.

पडदा पुढे झुकतो

आर्मची उंची तीच आहे, पण पडदा टेबलाकडे बघायला लागलाय, तर मामला तिरपेपणाच्या सांध्याचा. पाठीमागच्या चौकोनी प्लेटला लागूनच एक आडवा बोल्ट असतो आणि त्याच्यावर प्लास्टिकच्या किंवा फायबरच्या पातळ चकत्या. मॉनिटरला तोलून धरतं ते या चकत्यांमधलं घर्षण. बहुतेक आर्ममध्ये इथे स्प्रिंग वगैरे काही नसतं.

मॉनिटर एका हाताने, किंवा घरात कोणी असेल तर त्यांच्या दोन हातांनी, सरळ उचलून धरा, म्हणजे सांध्यावरचा भार उतरेल. मग ॲलन कीने (षटकोनी पान्याने) पाव फेरा आवळा, हात सोडा, बघा. पुन्हा पाव फेरा. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते: बोल्टच्या दुसऱ्या टोकाला नट असतो आणि काही आर्ममध्ये तो मोकळा असतो. तो धरून ठेवला नाही तर नट-बोल्ट जोडीने गोल फिरत राहतात, आपल्याला वाटतं आवळतोय, आणि आवळलं काहीच जात नाही. तेव्हा दुसऱ्या बाजूला बोट लावून बघा. नट फिरत असेल तर तिथे दुसरा पाना लावा.

सांधा किरकिरतो म्हणून तेल मात्र सोडू नका. ज्या घर्षणावर सगळं उभं आहे तेच घालवून बसाल. कोणी आधीच तेल घातलं असेल तर मॉनिटर उतरवून, सांधा उघडून चकत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने परत घाला. उघडताना फोनवर फोटो काढून ठेवा, कारण कुठली चकती कुठे होती हे नंतर हमखास आठवत नाही.

आता हे सगळं करूनही झुकत असेल तर वजन आणि अंतर यांचा हिशेब बघावा लागतो. समजा ५ किलोचा सपाट मॉनिटर आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य सांध्याच्या ५ सेंमी पुढे आहे: सांध्यावर २५ किलो-सेंमीचा पीळ. आता ७ किलोचा रुंद, वक्र मॉनिटर घ्या. वक्र पडद्याच्या दोन्ही कडा पुढे आलेल्या असतात, त्यामुळे गुरुत्वमध्य सहज ८-९ सेंमी पुढे जातो. पीळ झाला साठच्या आसपास. वजन दीडपटही वाढलं नाही, पण सांध्यावरचा ताण जवळपास अडीचपट झाला. खोक्यावर ‘९ किलोपर्यंत’ लिहिलेला आर्म ७ किलोच्या वक्र मॉनिटरपुढे का मान टाकतो, त्याचं उत्तर इथे आहे. अशा वेळी आवळण्याने भागत नाही, जड मॉनिटरसाठीचं मजबूत डोकं (प्लेट आणि तिच्यामागचा सांधा) असलेला आर्मच लागतो. काही कंपन्या ते डोकं सुटंही देतात.

आर्म खाली बसतो, किंवा वर उडतो

गॅस स्प्रिंगच्या आर्ममध्ये दाबाखालच्या वायूची नळकांडी असते आणि ती मॉनिटरचं वजन तोलते. म्हणजे इथे पकड नाही, तोल आहे. हा फरक एकदा डोक्यात बसला की बाकी सोपं. वजन जास्त झालं तर आर्म खाली येतो, कमी पडलं तर वर सरकतो. त्यामुळे खोक्यावरची कमाल मर्यादा जेवढी महत्त्वाची तेवढीच किमान मर्यादाही. ‘३ ते ९ किलो’च्या आर्मवर अडीच किलोचा हलका मॉनिटर लावला तर तो कितीही जुळवा, वरच पळणार.

जुळवायचा स्क्रू आर्मच्या वरच्या सांध्याजवळ, कधी प्लास्टिकच्या झाकणाखाली असतो आणि शेजारी अधिक-उणेच्या खुणा असतात. मॉनिटर लावलेला हवा. माहितीपत्रकात वेगळं काही सांगितलं नसेल तर आर्म जमिनीला समांतर धरा आणि स्क्रू फिरवा. खाली बसत असेल तर अधिककडे, वर जात असेल तर उण्याकडे. लोक इथे लवकर हात टेकतात, कारण दोन-तीन फेऱ्यांत काही फरक जाणवत नाही. हा स्क्रू आतल्या स्प्रिंगचं टोक मिलिमीटर-मिलिमीटरने सरकवतो, त्यामुळे दहा-पंधरा फेरे लागले तर त्यात नवल नाही. पण टोकाला पोचल्यावर लागणारा कडक अडसर ओळखा आणि तिथे थांबा. पुढे जोर लावला तर आतले आटे जातात आणि मग तो आर्म कशालाच जुळत नाही.

परीक्षा अशी: मॉनिटर सगळ्यात वर, मध्ये आणि सगळ्यात खाली नेऊन तिन्ही ठिकाणी सोडून बघा. मध्ये थांबतो पण वरच्या टोकाला किंचित खाली येतो, असं असेल तर अजून थोडं अधिककडे जायला जागा आहे.

हिवाळ्यात सकाळी खाली आणि दुपारी ठीक, अशीही तक्रार असते, आणि ती कल्पनेतली नाही. वायूचा दाब तापमानानुसार बदलतो. २० अंशांवरून १० अंशांवर आलं की दाब सुमारे साडेतीन टक्क्यांनी उतरतो. तोल अगदी काठावर जुळवलेला असेल तर एवढंही पुरतं. दोन-तीन फेरे जास्त दिले की प्रश्न मिटतो.

वर्षानुवर्षं नीट चाललेला आर्म आता स्क्रू शेवटच्या टोकाला नेऊनही खाली बसत असेल, तर नळकांडीतला वायू निसटलाय. ती घरी भरता येत नाही आणि उघडायचा प्रयत्नही करू नका, आत बराच दाब असतो. सुटी नळकांडी मिळाली तर ठीक, नाहीतर आर्म बदला.

खांबावर बसवलेल्या साध्या आर्मचं खाली येणं वेगळं. तिथे आर्मच्या खाली एक कडी असते आणि वजन पेलायचं काम तिचं. आर्मचा स्वतःचा स्क्रू आवळून कडी मोकळी ठेवली तर आर्म कणाकणाने घसरतो. मॉनिटर हव्या त्या उंचीवर नेऊन कडी खालून टेकवा, मग तिचा स्क्रू घट्ट करा. खांबाला कारखान्यातलं तेल लागलेलं असेल तर आधी पुसून घ्या.

आर्म ठणठणीत, टेबलच दबतंय

याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण दोन-तीन मॉनिटरच्या स्टँडमध्ये खरी गोम बहुतेक वेळा इथे निघते आणि लोक शेवटी इथे बघतात.

ढोबळ हिशेब करू. प्रत्येकी ५ किलोचे दोन मॉनिटर, एकाच खांबावर, खांबाच्या ४० सेंमी पुढे ओढलेले. १० किलो गुणिले ४० सेंमी म्हणजे ४०० किलो-सेंमी. क्लॅम्पच्या, म्हणजे खांब टेबलाच्या कडेला पकडून ठेवणाऱ्या शिकंज्याच्या, बैठकीची पुढची कड आणि खालच्या जबड्याचा स्क्रू यांच्यात ८ सेंमी अंतर असेल, तर वरून पुढच्या कडेने ५० किलोचा दाब टेबलावर पडतो आणि खालून तेवढ्याच जोराने जबडा वर रेटतो. आर्मचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. आणि हा जोर झेलतं कोण? लाकडाच्या भुश्याचा बोर्ड, वर सनमायका, आणि खालून रुपया एवढ्या नाहीतर वाटीच्या बुडाएवढ्या चकतीचा टेकू.

क्लॅम्प सोडून टेबलाच्या खालून बोट फिरवा. चकतीच्या जागी गोल खळगा लागला, किंवा कडेचा बोर्ड फुगून भुसभुशीत वाटला, तर उत्तर मिळालं. भुश्याचा हा पार्टिकल बोर्ड सतत दाबाखाली हळूहळू दबत जातो. क्लॅम्प जसाच्या तसा असतो, त्याच्यातली फळी पातळ होते. आपण आवळतो, ती आणखी दबते. हे चक्र आवळून कधीच थांबत नाही.

उपाय दाब पसरवण्याचा. वर आणि खाली दोन्हीकडे साधारण २० × १५ सेंमीची पोलादी पट्टी, किंवा खालच्या बाजूला १२ ते १८ मिमी प्लायचा तुकडा. मॉनिटर स्टँडसाठी अशा तयार प्लेटांची जोडी मिळते. तिला खालून रबर असेल तर सनमायकावर ओरखडे उठत नाहीत. मात्र पट्ट्यांसकट एकूण जाडी क्लॅम्पच्या तोंडात मावते का, हे आधी मोजा.

टेबलावर ठिकठिकाणी बोटाने ठोका. कडेला भरीव आणि आत पोकळ आवाज येत असेल तर ते आतून कागदी जाळीचं टेबल आहे. त्याची चौकट फक्त कडेला काही सेंमी भरीव असते आणि क्लॅम्पच्या बैठकीची पुढची कड नेमकी पोकळ भागावर दाबते. इथे मोठी प्लेट ही चैन नव्हे, गरज आहे. भोकातून बोल्ट घालून बसवायचा प्रकार अशा टेबलावर करूच नका. काचेच्या टेबलाला तर क्लॅम्प लावायचाच नाही. प्लेट घालून चालेल का, रबर घालून चालेल का, असं विचारणारे असतात. नाही चालणार. तिथे पाय ठेवून उभा राहणारा स्टँड घ्या किंवा भिंतीवर लावा.

चांगल्या जाड टेबलावरही बसवल्यानंतर आठवड्याने एकदा आणि महिन्याने एकदा क्लॅम्प तपासा. सुरुवातीला थोडं बसणं साहजिक आहे. त्यानंतरही दर वेळी अर्धा फेरा जात असेल तर मघाशी सांगितलेला खळगा शोधायला लागा.

आणि फुकटचा उपाय: मॉनिटर मागे न्या. ४० सेंमीचे २० झाले की टेबलावरचा पीळ निम्मा होतो. पडदा दूर गेला असं वाटलं तर खुर्ची पुढे घ्या. साधारण हाताच्या अंतरावर, ५० ते ७० सेंमीवर पडदा असला की पुरे.

टाइप करताना पडदा डुगडुगतो

मॉनिटरला हात न लावता टेबलाच्या पुढच्या कडेवर थाप मारा. नंतर टेबल घट्ट धरून फक्त मॉनिटरला टिचकी मारा. पहिल्या वेळी जास्त हलला तर दोष टेबलाच्या पायांचा, दुसऱ्या वेळी तर आर्मचा. टेबल हलत असेल तर पायांचे बोल्ट आवळा आणि खांब दोन पायांच्या बरोबर मध्ये ठेवण्याऐवजी पायाजवळ किंवा आडव्या पट्टीजवळ न्या. फळीचा मधला भाग सगळ्यात जास्त लवतो. उंची बदलणाऱ्या टेबलावर उभं राहून काम करताना हेलकावा वाढणारच, तो पूर्ण जात नाही.

गॅस स्प्रिंगचा आर्म साध्या खांबाच्या आर्मपेक्षा थोडा जास्त डोलतो, आणि लांब ताणलेला असेल तर आणखी. कोपर दुमडून ठेवा.

पडदा गोल फिरून वाकडा होतो

प्लेटच्या मधल्या फिरत्या सांध्याचा स्क्रू ढिला असेल तर तो आवळा, पण त्याआधी केबल बघा. जाड डिस्प्लेपोर्ट केबल आणि वीजपुरवठ्याची वायर एकाच बाजूने खाली ताणलेली असेल तर ती दिवसरात्र मॉनिटरला एका बाजूला ओढत राहते. केबल सोडा, मॉनिटर सरळ करा, दोन दिवस बघा. वाकडा झाला नाही तर दोषी ती. प्रत्येक सांध्यापाशी वळसा सोडायचा आणि पट्टे फक्त आर्मच्या सरळ भागावर बांधायचे. पट्टे बांधण्याआधी आर्म पूर्ण वर, पूर्ण खाली, पूर्ण पुढे आणि आडवा-उभा फिरवून घ्या. आर्म हलवला की चित्र जातं, हाही ताणलेल्या केबलचाच प्रताप.

खुर्चीवरून उठताना किंवा बसताना पडदा क्षणभर काळा होत असेल तर मात्र आर्मच्या मागे लागू नका. गॅस लिफ्टच्या (वायूच्या नळकांडीवर खालीवर होणाऱ्या) खुर्चीत स्थिर विजेची ठिणगी पडते, तिचा विद्युतचुंबकीय झटका केबल पकडते आणि संकेत तुटतो. ऐकायला थापेसारखं वाटतं, पण हे होतं. चांगलं आवरण असलेली, आखूड केबल घेतली की बहुधा थांबतं.

नवा घ्यायचाच असेल तर

मॉनिटरचं वजन स्टँडशिवायचं बघा. माहितीपत्रकात दोन्ही आकडे असतात आणि घाईत मोठा आकडा उचलला जातो. मग जड क्षमतेचा आर्म येतो आणि हलका मॉनिटर वर उडतो.

रुंदी मोजताना कर्णाच्या इंचांवर जाऊ नका. १६:९ प्रमाणाचा २४ इंची पडदा साधारण ५३ सेंमी रुंद असतो, २७ इंची ६० आणि ३२ इंची ७१, कडा वेगळ्या. दोन २७ इंची शेजारी ठेवले तर खांबापासून प्रत्येकाचा मध्य तीस-एकतीस सेंमीवर येतो, हे बहुतेक आर्मना जमतं. तीन ठेवले की गणित बदलतं. बाहेरचे दोन ३० अंशांनी आत वळवले तर त्यांचे मध्य खांबापासून सुमारे ५७ सेंमी बाजूला आणि मधल्या पडद्याच्या १५ सेंमी पुढे येतात. मधला पडदा खांबाच्या वीस सेंमी पुढे असेल तर बाहेरच्या आर्मला ६५ सेंमीहून जास्त पोच हवी. आर्म एवढा लांब नसेल तर पडदे आत वळतच नाहीत, आणि खोक्यावर मात्र ‘२७ इंचांपर्यंत’ लिहिलेलं असतं.

टेबल भिंतीला चिकटलेलं असेल तर आर्मचं कोपर मागे जायला जागा राहत नाही आणि मॉनिटर नको तेवढा पुढे येतो. टेबलाच्या मागच्या कडेखाली आडवी पट्टी किंवा केबलचा ट्रे आहे का, तेही वाकून बघा. जबड्याला तिथे सपाट जागा लागते.

माझं मत विचाराल तर एकदा लावून पुन्हा न हलवणाऱ्यांनी गॅस स्प्रिंगच्या वाटेला जाऊ नये. खांबाचा साधा स्टँड कमी डोलतो आणि त्यात झिजण्यासारखं फार काही नसतं. मॉनिटर वेगवेगळ्या आकाराचे असतील तर एका खांबावर दोन आर्म घेण्यापेक्षा दोन सुटे आर्म बरे. प्रत्येकाचा तोल वेगळा जुळवता येतो आणि टेबलावरचा भारही दोन जागी विभागतो.

मॉनिटरच्या पाठीवरची चार भोकं व्हेसा मापाची (मॉनिटर अडकवण्यासाठीच्या ठरलेल्या प्रमाण मापाची) असतात, ७५ × ७५ किंवा १०० × १०० मिमी, आणि स्क्रू एम४, म्हणजे ४ मिमी जाडीचे. काही मोठ्या पडद्यांना याहून मोठी मापं आणि जाड स्क्रू लागतात. काही मॉनिटरना भोकंच नसतात. ॲपलच्या स्टुडिओ डिस्प्लेसारख्या काहींमध्ये व्हेसाचा पर्याय खरेदीच्या वेळीच निवडावा लागतो. भोकं खोलगट जागेत असतील तर प्लेट टेकत नाही. मग स्पेसर (मधलं अंतर भरणारे छोटे नळीसारखे तुकडे) आणि त्याच प्रमाणात लांब स्क्रू. स्क्रू शेवटपर्यंत गेला आणि प्लेट तरीही हलतेय, तर तो लांब आहे आणि आत तळाला टेकलाय. तो आणखी पिळला तर पॅनेलला इजा होऊ शकते. नुसत्या हाताने, प्लेटशिवाय स्क्रू किती आत जातो ते आधी मोजून ठेवलेलं बरं.

जुना आर्म उतरवताना एक काळजी घ्या. गॅस स्प्रिंगवर मॉनिटर असताना जो तोल असतो तो मॉनिटर निघताक्षणी संपतो, आणि खाली धरलेला आर्म सपकन वर उसळतो. तोंडाला लागू शकतो, पडद्यालाही. आर्म सगळ्यात वरच्या टोकाला न्या, तिथेच मॉनिटर सोडवा, आणि नवा मॉनिटर चढवतानाही तो तिथेच असू द्या.